पेन्शनचें हस्तांतर आणि सल्लागाराचें मोल

पेन्शन हा शब्द इंग्रजींतून आमच्या भाषेंत आला त्यास आतां दोन शतकें होऊन गेलीं, आणि एवढ्या काळांत तो इतका घरचा झाला आहे कीं, त्याचा परकेपणा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. आरंभीं तो राजेरजवाड्यांच्या वाड्यांत शिरला, मागाहून कारकून-मास्तरांच्या घरांत आला. राजाचें राज्य गेलें कीं त्यास पेन्शन होत असे. कारकुनाची नोकरी संपली कीं त्यास पेन्शन होतें. या दोहोंत अंतर फार मोठें आहे. तथापि एक प्रश्न दोहोंसही सारखाच ग्रासतो. चालू असलेलें पेन्शन जेव्हां एका हातांतून दुसऱ्या हातांत जावयाचें असतें, बापाकडून मुलाकडे, एका तिजोरीवरून दुसऱ्या तिजोरीवर, किंवा दरमहाच्या रकमेंतून एकरकमी मुद्दलांत, तेव्हां कोणा तरी जाणत्या माणसाचा सल्ला घेणें भाग पडतें. त्या सल्ल्याची किंमत किती असावी, ती कोणी, केव्हां व कशांतून द्यावी, याचा निर्णय मात्र शांतपणें फारच थोडे लोक करतात. या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनें गेल्यास कांहीं उजेड पडतो असें आम्हांस वाटतें. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही वर्धा जिल्ह्याच्या आश्रयानें तो विचार करणार आहों.

वर्धा जिल्हाच कां, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा जिल्हाच मुळीं एका नाकारलेल्या वारशांतून जन्मास आला आहे. वर्धा, आर्वी, देवळी, हिंगणघाट हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांतला. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं पुत्रावांचून वारले, आणि १८५४ सालीं लॉर्ड डलहौसीनें तें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ सालीं नागपुरापासून वर्धा जिल्हा निराळा काढण्यांत आला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहराची आखणी झाली. राज्य गेलें तेव्हां राजवाड्यांतील जवाहीर कलकत्त्यास विक्रीसाठीं रवाना झालें. हत्ती, घोडे व बैल लिलावांत निघाले. आलेल्या पैशाचा ‘भोसले फंड’ करून तो घराण्याच्या नांवें ठेवण्यांत आला. राण्यांस व आप्तांस नेमणुका बांधून मिळाल्या. वृद्ध बांकाबाईंनीं व इतर राण्यांनीं या व्यवहाराविरुद्ध अर्जविनंत्या केल्या, परंतु त्यांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. पुढें १८५७ च्या धामधुमींत बांकाबाईंनीं आपल्या वजनानें नागपूर शांत राखलें. त्या १८५८ सालीं वारल्या. आणि त्यानंतर दत्तक जानोजी यांस देऊरचे राजेबहादूर हा किताब व वंशपरंपरेची नेमणूक मिळाली. अर्जांनीं जें साधलें नाहीं तें त्या एका वर्षाच्या राजकारणानें साधलें. लेखणीच्या बळावर पेन्शन मिळवूं पाहणाऱ्यांनीं ही गोष्ट प्रथमच मनाशीं बांधून ठेवण्यासारखी आहे.

परंतु या प्रश्नाचें खरें मूळ पाहावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. ३ जून १८१८ रोजीं दुसरे बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हां त्यांस सालीना आठ लक्ष रुपयांहून कमी नाहीं इतकें पेन्शन देण्याचें ठरलें, आणि तें त्यांच्या स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठीं आहे अशा आशयाचे शब्द त्या अटींत पडले. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले व तेथें तेहतीस वर्षें राहिले. २८ जानेवारी १८५१ रोजीं ते वारले, आणि त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनीं तें पेन्शन आपल्या नांवें पुढें चालावें अशी मागणी केली. सारा वाद आतां ‘कुटुंब’ या एका शब्दावर येऊन ठेपला. नानासाहेबांचें म्हणणें असें कीं, कुटुंब म्हटलें म्हणजे त्यांत मागें राहणारा पुत्र आलाच. डलहौसीचें म्हणणें असें कीं, पेन्शन बाजीरावांच्या हयातीपुरतें होतें. आठ लक्षांप्रमाणें तेहतीस वर्षांत अडीच कोटींहून अधिक रुपये त्यांनीं घेतले, शिवाय अठ्ठावीस लक्षांची मिळकत ते मागें ठेवून गेले. आतां सरकारचें देणें उरलें नाहीं.

नानासाहेबांनीं विलायतेस दाद मागितली आणि आपला वकील म्हणून अजीमुल्ला खान यास तिकडे पाठविलें. तो इंग्रजी व फ्रेंच जाणणारा, बोलण्यांत मोठा चतुर, आणि उंची समाजांत सहज वावरणारा पुरुष होता. परंतु १८५३ च्या उन्हाळ्यांत कंपनीच्या डायरेक्टरांचा निर्णय होऊन चुकला होता: पेन्शन वंशपरंपरेचें नव्हतें, आणि अर्जदाराचा त्यावर हक्क नव्हता. अजीमुल्लानें त्यानंतर जे महिने लंडनांत घालविले, जें घर ठेविलें, ज्या मेजवान्या दिल्या व घेतल्या, तो सारा खर्च निकाल लागलेल्या खटल्यावरचा खर्च होता. १८५५ सालीं परततांना त्यानें तुर्कस्थान व क्रीमियाची युद्धभूमि पाहिली, आणि तेथें इंग्रजांची झालेली दैना डोळ्यांत सांठवून तो हिंदुस्थानांत आला. पेन्शनच्या मागणीसाठीं दिलेल्या पैशाचें फळ म्हणून नानासाहेबांच्या पदरांत पेन्शन पडलें नाहीं; इंग्रज अजिंक्य नाहींत हें वर्तमान तेवढें पडलें. त्याचा परिणाम पुढें कानपुरास काय झाला तें वाचकांस ठाऊकच आहे.

तिसरी कथा साताऱ्याची, आणि ती सर्वांत करुण आहे. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि जवळजवळ चौदा वर्षें तेथेंच राहिले. या अवधींत १८४७ सालीं महाराज काशींत वारले. १८४८ सालीं त्यांचे बंधु अप्पासाहेब वारले व सातारचें राज्यही खालसा झालें. म्हणजे ज्याच्यासाठीं वकिली करावयाची तो धनी गेला, ज्या गादीसाठीं भांडावयाचें ती गादीही गेली. वकील मात्र लंडनांत होता तेथेंच होता. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन यांच्यासारख्या इंग्रजांनीं साताऱ्याची बाजू उचलून धरली. सभा झाल्या, पत्रकें छापलीं गेलीं, अर्जांवर अर्ज गेले. छापखान्याचें बिल, घरभाडें, कारकुनांचे पगार, आणि मदतीस घेतलेल्या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांचा मोबदला, हें सारें काशीच्या नेमणुकींतून व कर्जांतून निघत होतें. शेवटीं १८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी परतले ते कर्जबाजारी होऊन. आणि ज्या कंपनीशीं ते इतकीं वर्षें भांडले, तिच्याच पैशाचा त्यांच्या परतीस हातभार लागला. प्रबोधनकार ठाकरे यांनीं प्रतापसिंह छत्रपति व रंगो बापूजी यांजवर जें पुस्तक १९४८ सालीं लिहिलें, त्यामुळें ही कथा मराठी वाचकांस पुनः परिचित झाली.

या तिन्ही कथा सांगण्यांत वकीलवर्गाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. रंगो बापूजींसारखा इमानी सेवक ज्यास लाभला त्यानें स्वतःस भाग्यवान्‌च समजावें. पुढें १८५७ च्या प्रकरणांत त्यांच्या मुलास फांशीची शिक्षा झाली व ते स्वतः बेपत्ता झाले. एवढी किंमत देणाऱ्या माणसाच्या निष्ठेविषयीं शंका घेणें हा अधमपणा होईल. आमचा प्रश्न निराळा आहे. सल्ल्याची किंमत व सल्ल्याचें फळ यांचा मेळ येथें कोठें तुटला? आमच्या मतें तो तीन ठिकाणीं तुटला.

पहिलें ठिकाण वेळेचें. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ १८१८ सालीं करारांत स्पष्ट लिहून घेण्यास एका जाणत्या चिटणिसाचें चार दिवसांचें वेतन पुरलें असतें. तोच अर्थ १८५३ सालीं पटवून देण्यास लंडनची वकिली पुरली नाहीं. कागदावर शाई ओली असतांना घेतलेला सल्ला स्वस्त असतो, ती वाळल्यावर घेतलेला महाग. अर्थात्, चोहोंकडून वेढलेल्या बाजीरावांस असल्या शब्दांची घासाघीस करण्याइतकी ताकद उरली होती काय, असा आक्षेप येईल, आणि तो अगदींच खोटा नाहीं. पण माल्कम त्या वेळीं लढाई लवकर संपविण्यासाठीं उत्सुक होता, आणि आठ लक्षांचा आंकडा देण्याइतका तो उदार झाला होता. आंकड्याविषयीं जेवढी काळजी घेतली गेली तेवढी त्याच्या मुदतीविषयीं घेतली गेली नाहीं, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरें ठिकाण निवाडा करणाराचें. सातारच्या १८१९ च्या तहांत वारस व उत्तराधिकारी यांचा स्पष्ट उल्लेख होता. तरीही १८४८ सालीं दत्तक नामंजूर झाला. यावरून उत्तम शब्दही पुरेसा नसतो असें दिसतें. ज्याच्याकडून पैसा यावयाचा तोच जेथें न्यायाधीश होऊन बसला आहे, तेथें वकिलाच्या कौशल्यास वाव थोडा. असल्या प्रसंगीं प्रामाणिक सल्लागारानें अशिलास प्रथमच सांगावयाचें असतें कीं, हा खर्च फळासाठीं नव्हे, आपली कैफियत जगापुढें नोंदली जावी म्हणून आहे. तो तुम्हांस परवडतो कीं नाहीं तें तुम्ही ठरवा. अशी नोंद निरर्थक असते असें आम्ही म्हणत नाहीं. रंगो बापूजींचीं पत्रकें व अर्ज नसते तर साताऱ्यावर झालेला अन्याय इंग्रजी ग्रंथांत इतक्या तपशिलानें उतरला नसता. पण कीर्तीसाठीं केलेला खर्च व पोटासाठीं केलेला खर्च यांची खातीं वेगळीं ठेविलीं पाहिजेत.

तिसरें ठिकाण मर्यादेचें. काम संपेपर्यंत वेतन असा करार केला म्हणजे काम संपण्याची घाई कोणासच राहत नाहीं. इमानी माणूस आशेनें लांबवितो, लबाड माणूस लोभानें लांबवितो, आणि धन्याच्या तिजोरीस दोहोंचाही परिणाम सारखाच सोसावा लागतो. चौदा वर्षांच्या वकिलीस मध्यें कोठें तरी एक थांबा असावयास पाहिजे होता, जेथें उभें राहून मागचा खर्च व पुढची आशा तोलून पाहतां आली असती.

आतां आम्ही वर्ध्याच्याच भूमींत वावरलेल्या एका अगदीं वेगळ्या सल्लागाराकडे वळतों. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ सालीं तंजावरास झाला. लंडनांत हिशेबतपासनिसाचें शिक्षण घेऊन त्यांनीं मुंबईस आपला व्यवसाय मांडला आणि तो चांगला चालला होता. पुढें अमेरिकेंत अर्थशास्त्राचा अभ्यास करून, हिंदुस्थानचें दारिद्र्य व सरकारी अर्थव्यवहार यांचा संबंध दाखविणारा प्रबंध लिहून ते परतले. १९२९ सालीं त्यांची गांधीजींशीं भेट झाली, आणि पैसा मिळवून देणारा तो व्यवसाय त्यांनीं सोडला. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तेथील मदतनिधीच्या हिशेबाचें काम त्यांजकडे आलें, तेव्हां खुद्द गांधीजींच्या मंडळींचाही खर्च निधींतून करावयास त्यांनीं हरकत घेतली, अशी त्यांची ख्याति आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनीं दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडींत त्याचें ठाणें पडलें, आणि कुमारप्पा त्याचे सूत्रधार झाले.

या हिशेबतपासनिसाचा पेन्शनशीं संबंध असा कीं, १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनंतर इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील आर्थिक देण्याघेण्याची छाननी करण्यास जी समिति नेमण्यांत आली, तींत बहादुरजी, भुलाभाई देसाई व के. टी. शहा यांजबरोबर तेही होते. हिंदुस्थाननें दरसाल लंडनांत भरावयाच्या रकमेस ‘होम चार्जेस’ म्हणत. कर्जावरील व्याजाबरोबर निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचीं पेन्शनें हा तिचा एक मोठा भाग असे. १९३५ च्या कायद्यानें त्यांचीं वेतनें व पेन्शनें कायदेमंडळाच्या मतदानाबाहेर ठेवण्यांत आलीं; म्हणजे पैसा हिंदी करदात्याचा, पण त्याविषयीं बोट वर करण्याचा अधिकार त्याच्या प्रतिनिधीस नव्हता. समितीनें असें प्रतिपादिलें कीं, ज्या लढाया व जे व्यवहार हिंदुस्थानच्या हितासाठीं झाले नाहींत, त्यांचें देणें हिंदुस्थानच्या माथीं मारतां येत नाहीं. हीच विचारसरणी कुमारप्पांनीं १९४७ सालीं ‘क्लाइव्ह टु केन्स’ या छोट्या पुस्तकांत पुनः मांडली.

याच्या दुसऱ्याच वर्षीं पेन्शनच्या हस्तांतराचा एक प्रचंड व्यवहार झाला. महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थाननें इंग्लंडास पुरविलेल्या मालापोटीं लंडनांत आपल्या नांवें एक अब्जाहून अधिक पौंड जमले होते. त्यांस पौंडपावना असें म्हणत. १९४८ च्या जुलईंत अर्थमंत्री षण्मुखम् चेट्टी यांनीं इंग्लंडशीं करार केला. त्या पौंडपावन्यांतून मध्यवर्ती सरकारवरील पेन्शनांपोटीं १४ कोटी ७५ लक्ष पौंड आणि प्रांतांवरील पेन्शनांपोटीं २ कोटी ५ लक्ष पौंड, एकूण १६ कोटी ८० लक्ष पौंड, एकदम ब्रिटिश सरकारास देऊन त्या बदल्यांत दरसाल उतरत जाणारी रक्कम मिळण्याची व्यवस्था झाली, म्हणजे पेन्शनें तींतून भागावींत. तेव्हांच्या हुंडणावळीनें ही रक्कम सुमारें २२४ कोटी रुपये होती. १९५५ सालीं, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतांना, पेन्शनें देण्याची जबाबदारीच ब्रिटिश सरकारनें आपल्याकडे घेतली व त्यासाठीं तेथील पार्लमेंटनें कायदा केला.

या व्यवहारांत हिंदुस्थानचा लाभ झाला कीं हानि? कुमारप्पांच्या दृष्टीनें पाहिल्यास, ज्या देण्याचा मोठा भाग आपला नव्हताच तें आपण आगाऊ फेडलें. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिल्यास, तो पौंडपावना इंग्लंडांत गोठलेला होता आणि त्यावर मिळणारें व्याज अगदींच क्षुल्लक होतें; गोठलेल्या पैशानें जुनें देणें तोडलें यांत फारसें बिघडलें नाहीं. शिवाय १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन होऊन पौंडाचा भाव १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला; तें देणें तोंवर आमच्या अंगावर राहिलें असतें तर रुपयांत तें दीडपटीहून अधिक झालें असतें. आमचा कल असा आहे कीं, न्याय कुमारप्पांच्या बाजूस होता, आणि सोय कराराच्या बाजूस होती. राष्ट्रें पुष्कळदां सोय विकत घेतात, कुटुंबेंही घेतात. तिचा भाव काय पडला एवढें माहीत असलें म्हणजे झालें.

आणि हा भाव ज्या एका गोष्टींत दडलेला असतो ती म्हणजे व्याजाचा दर. वीस वर्षें दरसाल १०० रुपये मिळण्याचा हक्क विकावयाचा असेल, तर शेंकडा एक व्याज धरल्यास त्याची आजची किंमत सुमारें १८०५ रुपये येते, शेंकडा तीन धरल्यास १४८८ आणि शेंकडा सहा धरल्यास ११४७. हक्क तोच, वर्षें तींच, पण दर कोणी व किती धरला यावर साडेसहाशें रुपयांचा फरक पडतो. सल्लागाराची खरी गरज येथें आहे. आणि सल्लागार कोणाच्या बाजूचा आहे या प्रश्नाची गरजही येथेंच आहे.

कुमारप्पांनीं राष्ट्रास दिलेल्या सल्ल्याबद्दल मेहनताना घेतला नाहीं. म्हणून तो सल्ला फुकट होता असें म्हणतां येईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मुंबईच्या व्यवसायावर त्यांनीं सोडलेलें पाणी, तुरुंगांत गेलेलीं वर्षें, आणि मगनवाडीच्या साध्या भाकरीचा खर्च उचलणारे देणगीदार, हीच त्या सल्ल्याची किंमत होती. ती दुसऱ्या कोणी दिली एवढेंच. जगांत फुकट सल्ला म्हणून जो मिळतो, त्याची किंमत कोणी तरी देतच असतो. देणारा त्यागी असेल तर आपण भाग्यवान्. पण बहुधा तो त्यागी नसतो, विक्रेता असतो.

येथून आमच्या घरगुती प्रश्नाकडे येण्यास फार लांब जावें लागत नाहीं. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनयोजनेंतील नोकरास निवृत्तीच्या वेळीं आपल्या पेन्शनचा शेंकडा चाळीसपर्यंत भाग विकून एकरकमी पैसा घेतां येतो. सरकारी भाषेंत त्यास अंशराशीकरण म्हणतात. साठाव्या वर्षीं निवृत्त होणाऱ्यानें दरमहा १०,००० रुपये विकले तर ८.१९४ या गुणकाप्रमाणें त्याच्या हातीं ९,८३,२८० रुपये येतात, आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनीं पुनः सुरू होतो. म्हणजे पंधरा वर्षांत १८ लक्ष सोडून पावणेदहा लक्षांहून थोडे अधिक आज घ्यावयाचे, असा हा सौदा आहे. मुलीचें लग्न, घराचें कर्ज, आजारपण अशी निकड असेल तर तो शहाणपणाचा ठरेल. नुसती रक्कम हातीं खेळावी म्हणून केला तर तो महाग पडेल. हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरच्या स्थितीवर आहे. परंतु ज्या सल्लागाराची दलाली त्या एकरकमी पैशाच्या गुंतवणुकींतून निघावयाची आहे, त्याच्या तोंडून ‘विकूं नका’ हे शब्द कधीं निघतील? तो मनानें वाईट असेल असें नाहीं. त्याचें पोट त्या बाजूस आहे, एवढें आम्ही म्हणतों.

दलाली बरी कीं रोख मेहनताना बरा, हा वाद आपल्याकडे कायद्यापर्यंत गेला आहे. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांत पैसे घालतांना कापली जाणारी प्रवेशदलाली सेबीनें बंद केली. २०१३ पासून गुंतवणूक-सल्लागारांसाठीं वेगळे नियम केले, आणि अशिलाकडून मेहनताना घेणाऱ्यानें त्याच अशिलाच्या गुंतवणुकीवर दलाली घेऊं नये असा दंडक घातला. हा दंडक आम्हांस योग्य वाटतो. तथापि मेहनताना उघड झाला म्हणजे तो आपोआप माफक झाला असें नव्हे. ‘वर्षाला फक्त एक टक्का’ हे शब्द कानांस फार गोड लागतात. समजा, निवृत्त गृहस्थाजवळ ३० लक्ष रुपये आहेत आणि त्यांवर शेंकडा सहाप्रमाणें सालीना १,८०,००० रुपये येतात. एक टक्का मेहनताना मुद्दलावर धरला तर तो ३०,००० रुपये होतो. मुद्दलाशीं तोलला तर शंभरांत एक. पण ज्यावर घर चालावयाचें त्या उत्पन्नाशीं तोलला तर सहांत एक. दोन महिन्यांचें पेन्शन दरसाल सल्लागाराच्या घरीं जातें, असा त्याचा सरळ अर्थ. वीस वर्षांत ही बेरीज सहा लक्षांवर जाते. रंगो बापूजींची वकिली चौदा वर्षें चालली म्हणून आपण हळहळतों. ही वीस वर्षें चालते आणि तिची हळहळ कोणी करीत नाहीं, कारण ती हप्त्याहप्त्यानें व न मागतां कापली जाते.

यावर कोणी असें म्हणेल कीं, मग सल्लागारच नको. आपला हिशेब आपण करावा. हेंही टोंक आहे. वारसाचें नांव अर्जांत चुकीचें पडणें, कुटुंबपेन्शनचा पर्याय न समजणें, मुदतीच्या आंत अर्ज न करणें, या एकेका चुकीची किंमत कोणत्याही मेहनतान्याहून मोठी होऊं शकते, आणि ती बहुधा मागें राहिलेल्या विधवेस भोगावी लागते. नानासाहेबांचें सारें प्रकरण ‘कुटुंब’ या शब्दावर अडलें हें वाचून ज्यास हंसूं येईल, त्यानें आपल्या घरच्या कागदांत तो शब्द कोठें, कसा व कोणासाठीं आला आहे तें एकदां पाहून घ्यावें. अशा एका वेळच्या, नेमक्या व अपरिवर्तनीय निर्णयासाठीं जाणत्या माणसास एकदांच ठराविक रक्कम देणें हा खर्च नव्हे, ती कुंपणाची किंमत होय. उलट, जेथें नवीन निर्णयच घ्यावयाचा नाहीं, तेथें दरसालचा मेहनताना हें कुंपण शेत खाऊं लागल्याचें चिन्ह होय.

तेव्हां इतिहासानें शिकविलेले तीन प्रश्न आम्ही वाचकांच्या हवालीं करतों. सल्ला सही करण्यापूर्वीं मिळत आहे कीं नंतर? सल्ला देणाराचें पोट कोणत्या बाजूस आहे? आणि त्याचा मोबदला कोठें थांबणार आहे? या तिहींचीं उत्तरें लेखी मिळालीं तर मेहनताना थोडा अधिक असला तरी हरकत नाहीं. न मिळालीं तर फुकटचा सल्लाही घेऊं नये. कुमारप्पा सर्वांस लाभत नाहींत, आणि चौदा वर्षांची वकिली तर राजांसही परवडली नाहीं. आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील माणसांनीं एवढेंच करावें कीं, वर्षाच्या जमाखर्चांत पेन्शनची रक्कम जेथें लिहितों, त्याच पानावर सल्ल्याची रक्कमही रुपयांत लिहावी. टक्क्यांत लिहूं नये. टक्क्यांत ती नेहमीं लहानच दिसते.